आभाळ, बाजार आणि कथा
(युसूफ वडगाव येथील भाषणाचा सारांश)

हरिभाऊ आपट्यांच्या ‘काळ तर मोठा कठीण आला’ या कथेत दुष्काळाने गांजलेले कुटुंब भेटते. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’मध्ये पीक हाती आले आहे, परंतु बाजारात टोमॅटोला भाव नाही, म्हणून शेतकरी आपलाच माल पायांखाली तुडवतो. तिथे आभाळ रुसले, इथे बाजार. पहिली कथा वाचून करुणा दाटते. दुसरी वाचून भाव कोण ठरवतो, हा प्रश्न उरतो. धान्य असूनही ते मिळवण्याची ऐपत गेल्याने माणसे उपाशी मरतात, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली सिद्धान्तरूपाने मांडले.

केज तालुक्याला या दोन्ही कथा परक्या नाहीत. येथून उचल घेऊन ऊसतोडीला जाणारे नवराबायको मुकादमाच्या हिशेबात मिळून एकच ‘कोयता’ ठरतात. त्या दोघांना दोन नावे आणि दोन आवाज कथाच परत देऊ शकते. म्हणून कार्यकर्त्याच्या झोळीत पत्रकांबरोबर एखादा कथासंग्रहही असावा. पारावर कथा वाचून झाली की त्याने भाषण करू नये, ऐकत बसावे. पुढली कथा तेथूनच सुरू होईल.