बाईंची नवी पाटी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, की बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात घालवलेल्या बाईने शाळेखेरीज दुसरे काय बोलावे? त्या म्हणाल्या, "शाळेवरच बोला, पण हल्लीच्या शाळेवर." तेव्हा गेल्या काही वर्षांत आम्हां शिक्षकांनाच जे नव्याने शिकावे लागले, त्याविषयी थोडे सांगणार आहे. विषय इंटरनेटचा आहे हे ऐकून मागच्या रांगेतल्या आजीबाईंनी मात्र उठू नये. त्यांच्या कामाचे शेवटी येणार आहे.

वेब म्हणजे जाळे. टिम बर्नर्स-ली हे इंग्रज गृहस्थ जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत काम करीत असताना, निरनिराळ्या संगणकांवर विखुरलेली माहिती एकमेकींस जोडता यावी म्हणून १९८९ साली त्यांनी ही योजना मांडली, आणि १९९३ साली सर्नने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. आरंभी ह्या जाळ्यात वाचणारे पुष्कळ आणि लिहिणारे थोडे. पुढे कोणालाही लिहिता येईल अशा सोयी झाल्या. आपला मराठी विकिपीडिया २००३ पासूनचा आहे. शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्व ह्या दुसऱ्या गोष्टीचे. पुस्तक आमच्या हाती तयार येते. येथे आम्हांला स्वतः काही तयार करून मुलांपुढे ठेवता येते.

परंतु आमची आणि ह्या वेबची पहिली ओळख शिकवण्यासाठी झालीच नाही. ती माहिती भरण्यासाठी झाली. एमएससीआयटीची परीक्षा आम्ही सरकारी अट म्हणून दिली. २०१५ साली 'सरल' आले आणि प्रत्येक मुलाची माहिती संगणकावर चढवायची ठरले. दिवसा इतक्या शाळा एकदम भरू लागत, की ते पान उघडतच नसे. मग घरची भांडी आवरल्यावर रात्री अकराला बसायचे. अशा रीतीने ज्या यंत्राची भेट झाली, त्याविषयी प्रेम कसे वाटावे? पुष्कळ चांगल्या शिक्षिका तेव्हापासून संगणक म्हटला की कपाळाला आठी घालतात, आणि मला त्यांत त्यांचा दोष दिसत नाही.

त्यानंतर प्रशिक्षणे झाली. एका मोठ्या दालनात शे-दीडशे शिक्षक, पुढे पडदा, आणि एक हुशार तरुण भराभर दाखवतो आहे: येथे दाबा, मग येथे, झाले! पाहताना सगळे समजते. पोहणे काठावरून पाहताना समजते तसेच ते. घरी येऊन मोबाईल हाती घ्यावा, तर 'येथे' म्हणजे कोठे ते आठवत नाही.

आमच्या केंद्रात खरे शिकणे झाले ते निराळ्या तऱ्हेने. शिक्षण परिषद संपली, चहा झाला, की पाचसहा बायका मागे थांबत. एक नव्याने लागलेली शिक्षिका होती, वयाने आमच्या मुलीएवढी. तिची एक पद्धत मला फार आवडली. ती दुसऱ्याच्या मोबाईलला बोट म्हणून लावायची नाही. हात पाठीमागे बांधून उभी राही आणि म्हणे, "बाई, तुम्हीच दाबा. चुकले तर मागे येता येते." दुसरी गोष्ट, ती आधी विचारायची, "उद्या वर्गात काय घेणार आहात?" म्हणजे यंत्राचा धडा नव्हे, उद्याच्याच धड्यासाठी लागेल तेवढे यंत्र. आमच्यांतल्या एक ज्येष्ठ बाई निवृत्तीला आल्या होत्या. त्यांना यंत्राची भीती नव्हती. पोरांसमोर अडखळल्यास मान जाईल, ही भीती होती. ही गोष्ट दालनातल्या तरुणाला कळणे शक्य नव्हते. ह्या पोरीने ती ओळखली आणि त्यांच्याशी ती नेहमी एकटीने, शाळा सुटल्यावर बसली. आपण बायका सुनेला स्वयंपाकघर दाखवताना इतके पथ्य पाळतो का, हा प्रश्न मी येथे विचारीत नाही!

आता प्रत्यक्ष उपयोगाचे एक उदाहरण सविस्तर देते. कारण 'डिजिटल शाळा' म्हणजे भिंतीवर मोठा टीव्ही, अशी पालकांची समजूत असते.

गूगल फॉर्म नावाची सोय आहे. तीत प्रश्न आणि त्याखाली चार उत्तरे लिहायची. मुलाने एकावर खूण केली, की कोणी काय निवडले त्याची मोजदाद आपोआप होते. तिसरी-चौथीच्या वर्गाला आपण हातच्याची वजाबाकी देऊ: ४०३ वजा १५८. उत्तर २४५. आता खाली तीन चुकीची उत्तरे लिहायची आहेत. घाईत असलेला माणूस २००, ३०० आणि ५०० लिहून मोकळा होईल. परंतु जी बाई वर्षानुवर्षे पाट्या तपासत आली आहे ती लिहील ३५५, २५५ आणि ३४५. का? तर प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करून टाकणारे मूल हमखास ३५५ आणते: तिनातून आठ जात नाहीत, तर ते आठातून तीन काढते. मधल्या शून्यासाठी शतकाकडून घेतले, एककालाही दहा घेतले, पण मधल्या दहांतून एक दिला हेच विसरले, की येतात २५५. आणि दशकात नऊ केले, पण शतकातला एक कमी करायचा राहिला, की ३४५. म्हणजे चुकीचे उत्तर पाहूनच मुलाचा पाय कोठे घसरला ते कळते.

रात्री फॉर्म उघडला आणि दिसले, की वर्गातली अकरा मुले ३५५ वर गेली आहेत, तर सकाळी त्या अकरांना बाजूला घेऊन काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवायचे. बाकीच्यांना पुढचे काम द्यायचे. यंत्राने येथे केले काय? नुसती मोजणी. पाट्या घरी नेऊन हेच पूर्वीही करता येत होते, पण चाळीस पाट्यांमागे संध्याकाळ जाई. त्या तीन चुका कोणत्या लिहाव्यात हे मात्र त्या ज्येष्ठ बाईंना ठाऊक होते, आणि आमच्या तरुण शिक्षिकेला ठाऊक नव्हते. फॉर्म बनवताना दोघी शेजारी बसल्या तेव्हा कोण कोणाला शिकवते आहे हे सांगणे कठीण झाले. त्यानंतर बाईंची ती भीती पुष्कळ ओसरली.

आपल्या राज्यातल्या एका शिक्षकाचे नाव आपण ऐकले असेल. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी म्हणून गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेचे श्री. रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लक्ष डॉलरांचा पुरस्कार मिळाला, आणि त्यांतली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांचे नाव झाले ते पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे. ही काळी-पांढरी चौकट आता भाजीवालीच्या टोपलीवरही असते, त्यामुळे तिची ओळख करून द्यायला नको. जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी ती निघाली. तिच्या तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांवरून कॅमेऱ्याला वरची बाजू कोणती ते कळते. पुष्कळांना वाटते, की त्या चौकटीत चित्रफीतच भरलेली असते. तसे नाही, तेथे केवळ पत्ता असतो, आणि इंटरनेट नसेल तर नुसता पत्ता हाती धरून बसावे लागते. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ह्या चौकटी आल्या, आणि २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' ह्या सरकारी व्यवस्थेतून त्या उघडता येऊ लागल्या.

ह्याबाबत माझे एक मत आहे, ते कोणाला पटो वा न पटो. मटकीला मोड कसे येतात हे दाखवायला चित्रफीत कशाला? मूठभर मटकी ओल्या फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी वर्ग स्वतः पाहील. पण ज्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांना भरती-ओहोटी, किंवा हृदयाच्या झडपा कशा उघडझाप करतात ते, तेथे जरूर दाखवावे. आणि तेही मध्येच थांबवून, 'आता पुढे काय होईल?' असे विचारून. कोठे लावायचे आणि कोठे बंद करायचे, हेच आमच्या शिक्षणातले अवघड प्रकरण आहे.

आता २०२० सालाकडे येते. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, आणि जे सावकाश शिकायचे ते पंधरा दिवसांत शिकावे लागले. कोणी कपड्यांच्या हँगरला मोबाईल टांगला आणि खाली वही ठेवून गणिते सोडवून दाखवली. कोणी व्हॉट्सॲपवर वह्यांची छायाचित्रे मागवून त्या एवढ्याशा काचेवर तपासली. डोळ्यांचे काय झाले ते आमचे आम्हांला माहीत. पण आमच्या शिकण्याने प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. सरकारच्याच २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या खेड्यांत शंभरांतल्या सुमारे पंधरा घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. त्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागू लागले, त्याने फोन नसलेल्या पुष्कळ घरांना आधार झाला.

आमच्या गावात घरोघरी मोबाईल एक, तो वडिलांबरोबर कामावर. ते आठाला परत येत. म्हणून आमचा वर्ग रात्री साडेआठला भरे. आणि त्या साडेआठलाही फोन प्रथम मुलाच्या हाती जाई. मुलगी तोवर पोळ्या लाटत असे. मी हजेरीच्या वहीत रोज रात्री पाहिले आहे, भगिनींनो: एकाच घरातली दोन भावंडे, वर्ग निरनिराळे, भावाचा अभ्यास नऊला आलेला, आणि बहिणीचा अकराला, नाही तर नाहीच. फोन नाही म्हणून नव्हे. फोन उरला नाही म्हणून. खेड्यांतले लहान वर्ग पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ ला. तोवर पाहिलेला हा क्रम मी विसरू शकत नाही, कारण तो शाळा उघडल्यावरही घरांतून गेलेला नाही. आजही गृहपाठ मोबाईलवर येतो, आणि आजही तो कोणाच्या हाती आधी जातो ते आपापल्या घरी पाहावे.

एक नवे प्रकरण सांगून आवरते. २०२२ च्या नोव्हेंबरात 'चॅटजीपीटी' आले आणि प्रश्न विचारला की निबंध लिहून देणारे यंत्र पोरांच्या हाती पडले. 'पावसाळ्यातील एक दिवस' आता घरोघर एकाच छापाचा येतो, आणि त्यात प्रत्येकाला मातीचा सुगंध येतो! आमच्या एका शिक्षिकेने निबंधाचा विषयच बदलला. 'आपल्या गल्लीतल्या नळाला पाणी किती वाजता येते, आणि तोवर कोण काय करते?' हे लिहा, म्हणाली. यंत्राला आपली गल्ली ठाऊक नाही. पोरांना आईला, शेजारच्या काकूंना विचारावे लागले, आणि वह्यांत प्रथमच भांडणेसुद्धा आली. हीच शिक्षिका ते यंत्र स्वतः वापरते, गणिताची जादा उदाहरणे काढण्यासाठी. मात्र प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून पाहिल्यावाचून फळ्यावर लिहीत नाही, कारण ते यंत्र चुकीचे उत्तरही मोठ्या ऐटीत देते.

आता माझी मंडळाकडे मागणी. आपला हा दिवाणखाना शनिवारी दुपारी तीन ते पाच मोकळा असतो. आमच्या केंद्रातल्या तिघी शिक्षिका विनामूल्य यायला तयार आहेत. ज्यांच्या घरी शाळेत जाणारे मूल आहे त्या आयांनी, आणि आज्यांनी तर अवश्य, घरचा मोबाईल घेऊन यावे. मुलांच्या पुस्तकातली चौकट कशी उघडायची, बाईंनी पाठवलेला फॉर्म कसा भरायचा, आणि आलेली प्रत्येक गोष्ट खरी मानायची की नाही, एवढ्यापासून आरंभ करू. तुमचे बोट आणि तुमचाच मोबाईल. आमचे हात पाठीमागे असतील. आज्यांना मुद्दाम बोलावते, कारण संध्याकाळी फोन कोणाला द्यायचा हे पुष्कळ घरांत त्याच ठरवतात. येताना घरी एवढे मात्र ठरवून यावे, की मुलीच्या अभ्यासासाठी फोनची वेळ कोणती. ती वेळ नावापुढे लिहायची आहे. वही चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहे, पेन्सिलही तेथेच बांधलेली आहे.