गायरानावरचा खेळ

किनवटसारख्या गावात सकाळ होते ती गुरांच्या गळ्यांतील घंटांच्या नादाने. गुराखी घरोघरची गुरे एकत्र करतो आणि पैनगंगेकडच्या माळावर किंवा सागवानी रानाच्या कडेला चरावयास नेतो. गायरान कोणाच्या मालकीचे, असे वाटेतल्या कोणासही विचारावे. ‘गावाचे’ असेच उत्तर मिळते. त्यावर कोणी नांगर धरू नये, कोणी कुंपण घालू नये, चराई मात्र सर्वांची, असा हा जुना संकेत आहे. ज्यांना हा संकेत ठाऊक आहे, त्यांना इंग्लंडातील एका विख्यात गोल्फच्या मैदानाचे मर्म समजावयास वेळ लागणार नाही.

गोल्फ म्हटले म्हणजे आपल्याकडे उंच फाटक, त्यावरील पहारेकरी आणि आतील मखमली हिरवळ एवढेच डोळ्यांपुढे येते. मुंबईत १९१८ साली निघालेला विलिंग्डन क्लब काय किंवा १९२७ सालचे चेंबूरचे मैदान काय, आत जावयाचे तर सभासद तरी असावे लागते किंवा सभासदाचा पाहुणा तरी. यामुळे हा खेळ कुंपणातच जन्मला असावा, अशी सर्वसाधारण समजूत झाली आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे.

इंग्लंडच्या नैऋत्येस डेव्हन नावाचा परगणा आहे. तेथील नॉर्दम या गावाखाली, समुद्राच्या काठी, सुमारे सहाशे एकरांचे वाळूचे सपाट कुरण पसरलेले आहे. चार्ल्स किंग्जली यांच्या १८५५ सालच्या ‘वेस्टवर्ड हो!’ या कादंबरीचे नाव शेजारच्या वस्तीस मिळाले, आणि तिच्यावरून हे मैदानही त्याच नावाने ओळखले जाते. येथे १८६४ साली गोल्फचा क्लब निघाला. मैदानाची पहिली आखणी स्कॉटलंडचे ओल्ड टॉम मॉरिस यांनी केली. आजची रचना मुख्यत्वे हर्बर्ट फाउलर यांनी १९०८ साली केलेली आहे. मूळ जागीच अद्याप खेळले जाणारे हे इंग्लंडातील सर्वांत जुने मैदान होय.

परंतु जमीन गावाची. चराईचा हक्क नॉर्दमच्या रहिवाशांचा, आणि त्यांना ‘पॉटवॉलपर’ असे विलक्षण नाव आहे. ज्याच्या घरी स्वतःच्या चुलीवर भांडे उकळते तो, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. आपल्याकडील चूलबंद निमंत्रणात चूल म्हणजे घर असते, तसाच हा हिशेब. समुद्राच्या बाजूस गोट्यांचा एक नैसर्गिक बांध आहे. हिवाळी वादळात त्याचे दगड आत फेकले जात, आणि वसंत ऋतूत गावकरी जमून ते पुन्हा बांधावर टाकीत. कुरण राखले त्यांनी. त्याच कुरणावर खेळ वाढला.

येथे खेळावयास उभा राहणारा मनुष्य प्रथम गोंधळतो. समोर मेंढ्या व घोडी निवांत चरत असतात आणि त्यांनीच गवत आखूड राखलेले असते. अठरा छिद्रे, प्रत्येक जेमतेम सव्वाचार इंच रुंद. चेंडू कमीतकमी टोल्यांत त्या सर्वांत घालावयाचा, एवढाच नियम. प्रतिपक्षी मात्र माणूस नसून भूमी असते. चौथ्या छिद्राच्या वाटेवर रेल्वेच्या स्लीपरांची भिंत घातलेला वाळूचा प्रचंड खड्डा आहे. पुढे सुईसारख्या टोकांची लव्हाळी माजलेली आहेत. त्यांत शिरलेला चेंडू बहुधा परत मिळत नाही. शिवाय अटलांटिकचा वारा. काल ज्या अंतरास लहान काठी पुरली, तेथे आज मोठीही अपुरी पडते. म्हणून जाणता खेळाडू टोला मारण्यापूर्वी वारा आणि उतार निरखतो. मैदानाचा रसास्वाद तो हाच. नुसत्या हिरव्या रंगावर भाळणाऱ्यास येथे पाहण्याजोगे फारसे काही सापडत नाही.

हे मैदान सर्वांत उत्तम वाचले ते नॉर्दमच्याच एका गरीब मुलाने. जॉन हेन्री टेलर यांचा जन्म १८७१ सालचा. वडील लवकर वारले, आणि अकराव्या वर्षी शाळा सुटली. साहेबलोकांच्या काठ्या वाहणे, घरकाम करणे, पुढे मैदानाची निगा राखणे, अशी त्यांची चाकरी होती. गावच्या श्रमिकांनी १८८८ साली स्वतःचा निराळा क्लब काढला, त्यात टेलर होते. वाऱ्यात चेंडू खाली व सरळ ठेवण्याची विद्या त्यांना या कुरणानेच शिकविली. १८९४ साली ‘ओपन’ स्पर्धा प्रथमच इंग्लंडच्या भूमीवर झाली आणि ती त्यांनी जिंकली. पुढे १८९५, १९००, १९०९ आणि १९१३ या सालीही अजिंक्यपद त्यांचेच राहिले. त्या काळी व्यावसायिक खेळाडूस क्लबच्या इमारतीत बरोबरीचे स्थान नसे. या अवहेलनेस संघटनेने उत्तर द्यावे म्हणून १९०१ साली व्यावसायिक खेळाडूंचा संघ स्थापन झाला. त्यात टेलर अग्रभागी होते. ज्या क्लबात त्यांनी काठ्या वाहिल्या, त्याच क्लबाने १९५७ साली त्यांना अध्यक्षपद दिले. १९६३ साली नॉर्दम येथेच त्यांचा अंत झाला.

नॉर्दमच्या कुरणाभोवती एखाद्या जमीनदाराने कुंपण घातले असते तर काय झाले असते? कदाचित हिरवळ अधिक नीटस झाली असती. पण मेंढ्या गेल्या असत्या, गोट्यांचा बांध सावरणारे हात गेले असते, आणि मजुराच्या मुलाने तो वारा बाहेरूनच पाहिला असता. आज समुद्र त्या किनाऱ्याचा कडेचा भाग कुरतडीत आहे, आणि मैदानाची चिंता क्लबाइतकीच गावालाही आहे. सामायिक जमिनीचे दुःखही सामायिकच असते.

किनवटच्या माळावर गोल्फ कधी येईल वा न येईल. गुरे चरत असताना गुराख्यांची पोरे तेथे विटीदांडू खेळतात. विटी उडवण्यापूर्वी त्यांतील एखादा क्षणभर थांबतो, वारा कोणीकडचा ते पाहतो, पुढचा चढउतार डोळ्यांनी मोजतो, आणि मगच दांडू उचलतो. भूमी वाचण्याची ती विद्या त्याला फुकट मिळालेली आहे. गायरान गावाचे आहे, तोवर ती मिळत राहील.