वेंधळेपणाची लाज

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



पस्तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात ‘वेंधळी’ हा शब्द आम्ही किती मुलींना लावला, याची गणती नाही. त्यांत आमची कन्याही होती. मुलगे दंगा करीत म्हणून त्यांच्याकडे लक्ष जाई. ही खिडकीबाहेर पाहत गप्प बसे, म्हणून आम्ही तिला आळशी ठरविले. अडतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी ए.डी.एच.डी.चे निदान केले. अवधान स्थिर न राहण्याची ही मेंदूची ठेवण बालपणापासूनची असते, पुष्कळदा आनुवंशिकही असते. मुलींत ती बाहेरून फारशी दिसत नाही, म्हणून निदानास विलंब होतो. (आपल्याकडे स्थळ पाहताना मुलीची टापटीप आधी विचारतात, हे येथे आठवते.)

औषधाने लक्ष ठरू लागले. लाज मात्र हटेना. दूध उतू गेले की घरचे बोलण्याआधी तीच स्वतःला बोले. तेव्हा समुपदेशिकेने ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ ही पद्धती योजिली. अमेरिकेतील कुटुंबोपचारतज्ज्ञ रिचर्ड श्वार्ट्झ यांनी १९८० नंतरच्या दशकात ती घडविली.

या मताप्रमाणे मन म्हणजे एक एकत्र कुटुंबच. त्यात कारभारी असतात. बाहेर अपमान होऊ नये म्हणून ते घरातच दटावतात. आग विझविणारे असतात. दुःख भडकताच ते माणसाला काम टाकून मोबाइलमध्ये गुंतवितात. आणि माजघराच्या अंधारात जुनी लाज उराशी धरून बसलेले एक लेकरू असते. या सर्वांहून निराळा, शांत असा ‘स्व’ प्रत्येकापाशी असतो, असे श्वार्ट्झ मानतात. दटावणाऱ्याला येथे हाकलीत नाहीत. तो थांबला तर काय होईल अशी त्याला भीती वाटते, हे त्यालाच विचारतात.

कन्येला आतून उत्तर आले : ‘मग बाबा रागावतील.’ तिचे वय किती समजतोस, असे विचारता तो म्हणाला, ‘आठ.’

हे तिने स्वतः आम्हांस सांगितले व तिच्या संमतीनेच येथे मांडीत आहोत. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

या पद्धतीने विसराळूपणा जात नाही, औषधाची जागाही ती घेत नाही, ए.डी.एच.डी.पुरते तिचे संशोधन अद्याप थोडेच आहे. गेल्या दिवाळीत कन्या घराची किल्ली आमच्याकडेच विसरून निघाली. स्टँडवरून तिचा फोन आला, तेव्हा ती हसत होती. आम्ही चपला घातल्या आणि किल्ली घेऊन निघालो.