नोकरदार घरातले रात्रीचे जेवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला पाककृतींची स्पर्धा होते, बक्षिसे वाटली जातात, आणि त्यातला बहुतेक एकही पदार्थ दुसऱ्या दिवशी कुणाच्या घरी शिजत नाही. म्हणून आज मी बक्षिसाच्या पदार्थांविषयी बोलणार नाही. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत, रात्री आठ वाजता, दमल्या हातांनी जे ताट वाढायचे असते त्याविषयी बोलणार आहे.

आपल्यातल्या पुष्कळजणी पुण्याला किंवा पिंपरी-चिंचवडला नोकरीला जातात. तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली करीत लोकल लोणावळ्याला पोहोचते तेव्हा सात वाजून गेलेले असतात. तोवर मुलांनी बिस्किटांचा पुडा संपविलेला असतो, नाहीतर डब्यातली चिक्की. चिक्की आपल्याच गावची; शेंगदाणे आणि गूळ, त्यात वाईट काही नाही. पण सहा वाजता गोडाने पोट भरलेले मूल आठ वाजता भाजीकडे बघत नाही. मग आई कंटाळून पाकिटातल्या शेवया उकळते. पोट भरते, पण अंगी लागत नाही.

हे दुखणे एकट्यादुकट्या घरचे नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण ५४ टक्के होते. याला जंतांसारखी इतरही कारणे असतात. तेव्हा मूल फिकट दिसले तर दवाखान्यात दाखवावेच. पण जे आपल्या हाती आहे ते ताट तरी नीट वाढावे.

त्यासाठी लागणारे सामान मावळात घरोघरी आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून तयार केलेला इंद्रायणी तांदूळ १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याचा भात मऊ व चिकट होतो, म्हणून खिचडीला तो फार चांगला. चौघांसाठी दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी सालीची मूगडाळ, मूठभर शेंगदाणे, चिरलेली मेथी किंवा पालक आणि घरात असेल ते गाजर-भोपळा घ्यावे. फोडणीत परतून सात वाट्या पाणी घालावे आणि कुकरच्या तीन शिट्ट्या कराव्या. तेवढ्या वेळात हातपाय धुऊन होतात. धान्याच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते, आणि डाळीतले उणे धान्य. आपल्या आज्यांनी वरण-भाताची जोडी उगीच जमविलेली नाही.

दुसरे हुलग्याचे पिठले. भाजलेल्या हुलग्याचे पीठ डब्यात तयार असले की लसूण-जिऱ्याची फोडणी, पाणी आणि पीठ, एवढ्यात दहा मिनिटांत होते. तिसरी नाचणीची धिरडी. दोन वाट्या नाचणीचे पीठ, एक वाटी हरभऱ्याचे पीठ, कांदा, कोथिंबीर; आंबवायला नको. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तितक्याच दुधात सुमारे १२०, आणि पांढऱ्या तांदळात १० सुद्धा नाही. म्हणून दूध बंद करा असे मी म्हणत नाही. पण दूध न पिणाऱ्या मुलाला धिरडे चालते. चौथी मोड आलेल्या मटकीची उसळ. ज्यांच्याकडे चालते त्यांनी तिच्यात उकडलेली अंडी सोडावी. पावसाळ्यात भाज्या महागतात तेव्हा बाजारात आदिवासी बायका टाकळा, कुरडू घेऊन बसतात; ओळखीच्या बाईकडून ती भाजी जरूर घ्यावी.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्या. ताटात लिंबाची फोड हवीच. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांतले लोह अंगी लागते. चहा याच्या उलट करतो, म्हणून जेवणाच्या आगेमागे तासभर तो नको. आणि संध्याकाळी सहाला मुलांच्या हाती पुड्याऐवजी केळे, फुटाणे किंवा उकडलेले रताळे पडेल अशी व्यवस्था सकाळीच करून जावे.

आता कुणी म्हणेल, एवढे सगळे मीच करायचे का? मुळीच नाही. रविवारी पिठे दळून आणणे, मटकी भिजत घालणे, शेंगदाण्याचे कूट करणे ही कामे घरच्या पुरुषांना आणि दहा वर्षांच्या मुलालाही येतात. येत नसली तर शिकवावीत. आधी घरी पोहोचेल त्याने कुकर लावावा. त्याला स्त्री-पुरुष असा नियम कशाला?

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पातेल्यातली दाट उसळ सगळ्यांना वाढून, तळाचा रस्सा आणि सकाळचा भात घेऊन आपण मागून बसतो. मुली हे रोज पाहतात आणि तसेच शिकतात. मघाचे ५४ टक्के काही अंशी या मागून बसण्यातूनही येतात. पाची ताटे एकदम वाढावीत आणि सर्वांनी बरोबर बसावे. वाढायला कुणी नसले तरी बिघडत नाही. पातेले मध्ये ठेवावे.

मंडळाला एक विनंती करते. महिन्यातून एकदा आपण सगळ्याजणींनी मिळून हुलग्याचे आणि नाचणीचे पीठ दळून आणावे व घरोघर वाटून घ्यावे. एकटीला जे जड जाते ते दहाजणींत सहज होते. मंडळे त्यासाठीच असतात.