उत्साह आणि नेम

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात जळगाव जामोद येथे दिलेले व्याख्यान)



लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करताना मनाचा निश्चय कसा टिकवावा, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चालकांनी मला केली आहे. मी काही नामांकित धावपटू नव्हे. पन्नाशी उलटल्यावर एकवीस किलोमीटरांच्या शर्यतीची तयारी करू गेलेला आणि पहिल्या वर्षी ती अर्ध्यावर सोडून बसलेला मी एक निवृत्त शिक्षक आहे. परंतु ज्याने एकदा सोडले, त्याला सोडण्याची कारणे नीट ठाऊक असतात. तेवढ्याच अधिकाराने मी आपल्यापुढे उभा आहे.

माघातल्या थंडीत मी सुरुवात केली. पहाटे नांदुऱ्याच्या रस्त्याने निघावे, परतताना समोर सातपुड्याच्या रांगा उजळत असाव्यात. मोठा आनंद वाटे. त्या आनंदाच्या भरात मी कालच्यापेक्षा आज अधिक वेगाने धावू लागलो. चैत्र लागला, ऊन वाढले, गुडघा दुखू लागला. एक दिवस चुकला, मग चार चुकले. ‘उत्साह वाटला की जाऊ’ असे मी मनाशी म्हटले, आणि उत्साहाची वाट पाहण्यात ते वर्ष गेले.

चूक कोठे झाली हे मला त्या आषाढात उमगले. आपल्या शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपुरास पायी जाते. वाटेत सुमारे महिना जातो. त्या वारीत कोणी सकाळी उठून ‘आज चालावेसे वाटते काय?’ असा प्रश्न स्वतःस विचारीत नाही. आजचा मुक्काम ठरलेला असतो, सोबत ठरलेली असते, निघण्याची वेळ ठरलेली असते. पंढरपूर किती दूर आहे याची चिंता कोणी करीत बसत नाही. आजच्या मुक्कामापुरतेच चालावयाचे असते. उत्साह आधी आणि चालणे नंतर, हा माझा समज उलटा होता. पाऊल आधी पडते. उत्साह मागून येऊन गाठतो.

दुसरे उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत शेतकरी तरुणांना अनवाणी धावताना पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपले खेळाडू गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२ किलोमीटर ७५० मीटरांची, म्हणजे आजच्या ठरीव ४२ किलोमीटर १९५ मीटरांहूनही लांब होती. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली. क्रमांक आला एकोणिसावा. पदक नव्हते. त्यांच्याबरोबर निघालेले सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. तरीही दोघांची नावे आज आपण आदराने घेतो, कारण त्या अंतराला सामोरे जाण्यापूर्वी कोणी न पाहिलेले कितीतरी दिवस त्यांनी घाम गाळला असेल.

आता अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. पुढल्या वर्षी मी शेजाऱ्यांची सोबत धरली. पाच वाजता दारावर त्यांची थाप पडे. अंथरुणात पडून राहण्याची सोयच उरली नाही. बहुतेक दिवस आम्ही सहज बोलता येईल इतक्याच वेगाने धावत असू. अंतर हळूहळू वाढवीत असू आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विसावा घेत असू. आमच्याकडील उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीच घरी परतत असू. धावलेल्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी एक खूण करी. एखादा दिवस चुकला तर त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट धावण्याचा मोह टाळीत असे. दुखापत बहुधा त्याच मोहातून होते. चुकलेल्या दिवसाचे दुःख करू नये. लागोपाठ दुसरा मात्र चुकू देऊ नये. त्या वर्षी मी शर्यत पुरी केली. माझ्या पुढे पुष्कळ जण होते, आणि मला त्याचे काही वाटले नाही.

शेवटी एक विनंती करतो, आणि खरे तर तिच्यासाठीच मी आज आलो. आपल्या मुली पहाटे धावू इच्छितात आणि घरातूनच त्यांना ‘लोक काय म्हणतील?’ असे ऐकावे लागते. माण तालुक्यातील मोही या दुष्काळी मुलुखातल्या गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. आपल्या मुलींत अशी कोणी आहे की नाही, हे त्यांना दाराबाहेर पडू दिल्यावाचून कसे कळावे? मुलीचा नेम मुलगी पाळील. तिला सोबत देण्याचा नेम मात्र आईबापांनी आणि थोरल्या भावंडांनी पाळावा. पहाटे तिच्याबरोबर कोणी सायकल घेऊन निघाले तरी पुरे. मंडळातील चार कुटुंबांनी मिळून वार वाटून घेतले, तर कोणावरही भार पडणार नाही.

उत्साह हा पाहुणा आहे, येतो, जातो. नेम हा घरचा माणूस आहे. त्याला आपण घरात जागा द्यावी, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.