आठ तासांचा नियम मालमोटारीवर का चढला नाही?

(परळ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



१८८४ च्या सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. नारायण मेघाजी लोखंडे हे त्या सभांचे प्रवर्तक होते. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन तेव्हा सिद्ध झाले, त्यातील मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाचेच आश्चर्य वाटते. रविवारी सुटी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे व सूर्यास्ताला थांबावे. यातील रविवारची सुटी पदरात पडायला १८९० चा जून उजाडला. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कारखान्यांच्या कायद्यात यायला तर १९४६ साल यावे लागले. दुपारच्या अर्ध्या तासासाठी निघालेल्या वाटेवर गिरणगावाच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या.

आज त्याच परळ-लालबागच्या रस्त्यांवरून रात्री मालमोटारी धावतात. दादरला सेनापती बापट मार्गावर पहाटेपूर्वीच भाजीचे टेम्पो उभे राहतात. त्यांच्या चालकांची मागणी काय आहे? तीच, अर्ध्या तासाची. फरक एवढाच की, गिरणी कामगाराला ती कायद्यात लिहून घ्यावयाची होती. मालमोटार चालकासाठी ती केव्हाच लिहिली गेली आहे, पण ती पाळली जात नाही. लिहिलेला कायदा रस्त्यावर का उतरत नाही, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम कायदा काय सांगत आला ते पाहू. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तास व आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीने ती दहा व ५४ तासांपर्यंत वाढवता येत असे, त्यापलीकडे नाही. सलग पाच तास काम झाले की किमान अर्धा तास विश्रांती, आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होण्यापूर्वी सलग नऊ तासांची मोकळीक, असा त्याचा दंडक होता. जादा कामाला दुप्पट वेतन होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही ९१ व्या कलमात चालकाच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवले. कागदावर यापेक्षा अधिक काय हवे होते?

परंतु या कायद्याच्या दारातच एक उंबरठा होता. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक संस्थेलाच तो लागू होता. आपल्याकडे मालवाहतुकीचा मोठा भाग एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या हाती आहे. दादरला कोबी-फ्लॉवर आणणाऱ्या टेम्पोचा मालक पुष्कळदा स्वतःच चालक असतो, अथवा भाऊ किंवा पुतण्या गाडी चालवतो. असा माणूस कायद्याच्या बाहेरच राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा १९६१ चा कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थितीविषयीच्या त्या संहितेत आठ तासांचे तत्त्व कायम आहे. परंतु वाहतूक संस्थेसाठी उंबरठा दहा कामगारांचा झाला. जो कायदा मुळात अपुरा पोचत होता, त्याचा हात लांब करण्याऐवजी तो आखडला गेला.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कोल्हापूरहून मुंबईचे अंतर सुमारे ३७५ किलोमीटर आहे. घाट, टोलनाके, शहराच्या तोंडावरील कोंडी हे सारे जमेस धरून भरलेल्या मालमोटारीचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर मानला, तर निव्वळ चालवण्याचेच सव्वानऊ तास होतात. त्यात माल भरण्याची वाट पाहणे, ताडपत्री बांधणे, बिल्टीची कागदपत्रे घेणे हे आलेले नाही. शिवाय मुंबईच्या दक्षिण भागात जड वाहनांना दिवसा प्रवेशबंदी असते. वेशीवर अडकलेला चालक तापलेल्या केबिनमध्ये दिवस काढतो, आणि शरीराला झोप सर्वाधिक हवी असते त्या वेळी, रात्री दोन ते पाचच्या दरम्यान, त्याला शहरात शिरावे लागते. हिशेबाच्या वहीत दिवसाचे ते तास ‘विश्रांती’ म्हणून जातात. चालकाच्या अंगात मात्र ते जागरण म्हणूनच उतरतात.

या जागरणावर फोनची टोचणी असते. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातील माणूस दर तासाला विचारतो, “कुठवर आलास? गाडी का थांबली?” पूर्वी निदान दोन गावांच्या मधला पल्ला चालकाचा स्वतःचा असे. झाडाखाली गाडी लावून त्याने डोळा मिटला तर मुंबईत कोणाला कळत नसे. आता जीपीएसमुळे गाडी कोठे व किती मिनिटे उभी आहे, हे ऑफिसातल्या पडद्यावर दिसते. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जे यंत्र गाडी किती वेळ थांबली हे अचूक सांगते, तेच यंत्र चालक किती वेळ थांबला नाही हेही तितक्याच अचूकपणे सांगू शकते. पण पहिली नोंद मालकाला हवी असते म्हणून ती घेतली जाते. दुसरी कोणी मागतच नाही.

तथापि ऑफिसातल्या त्या माणसाला खलनायक ठरवून भागणार नाही. तोही पगारी नोकर आहे. त्याच्यामागे व्यापारी किंवा कंपनी आहे, आणि माल उशिरा आला तर भाडे कापण्याची अट करारात आहे. मूळ गोष्ट अर्थशास्त्राची आहे. भाडे खेपेचे ठरते, तासांचे ठरत नाही. गोदामाच्या दारात गाडी दहा तास तिष्ठत राहिली तर त्या दहा तासांची किंमत गोदामवाल्याला बहुधा पडत नाही. जी वस्तू फुकट मिळते तिची उधळपट्टी होते, हा साधा नियम आहे. येथे फुकट मिळणारी वस्तू म्हणजे चालकाचा वेळ. गोदामाने वाया घालवलेले तास रस्त्यावर भरून काढायचे, आणि ते भरून काढण्याचे एकमेव भांडार म्हणजे चालकाची झोप. मालक कर्जाच्या हप्त्याने बांधलेला, चालक खेपेच्या भत्त्याने बांधलेला. मग ‘ड्रायव्हर स्वखुशीनेच जास्त चालवतात’ असे म्हणणे सोपे होते. गिरणीत तुकड्यावर काम करणाऱ्या विणकराबद्दलही असेच म्हटले जाई. ज्याला थांबणे परवडत नाही, त्याच्या न थांबण्याला स्वखुशी म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग होय.

शासनाने या ओढाताणीत कोणती बाजू घेतली? २०१८ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने नियम बदलून राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारीवर दोन चालक असण्याची सक्ती काढून टाकली. मुंबई-दिल्ली हे अंतर १,४०० किलोमीटरच्या आसपास आहे. एकच चालक आठ तासांची मर्यादा पाळून, ताशी ४० च्या सरासरीने, दिवसाला ३२० किलोमीटर जाईल. म्हणजे त्याला पाचवा दिवस लागेल. एवढे दिवस कोणता व्यापारी देतो? पुढे १ जानेवारी २०२१ पासून ई-वे बिलाची मुदत शंभर किलोमीटरला एक दिवस होती ती दोनशे किलोमीटरला एक दिवस करण्यात आली. दोनशे किलोमीटर हा पल्ला स्वतः मोठा नाही. पण गाडीचा बिघाड व वेशीवरचा खोळंबा हे सारे त्याच मुदतीत बसवायचे असते, आणि मुदत टळली तर दंडाची टांगती तलवार. मालाच्या वेळेची नोंद सरकार तासातासाने ठेवते. माणसाच्या वेळेची नोंद कोण ठेवते?

आणि अपघात झाला म्हणजे? भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात, अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. २०२४ च्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी चाके थांबवली, मुंबईच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अंमलात आली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवावे लागले. पळून जाणे समर्थनीय नाही. जखमीला रस्त्यावर टाकणे हा अपराधच आहे. पण शिक्षेची वर्षे मोजणाऱ्या कायद्याने अपघातापूर्वीचे तास मोजले काय? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांची कारणे सरकारी अहवालात अतिवेग, मद्यप्राशन, उलट्या बाजूने वाहन हाकणे अशा सदरांखाली येतात. थकव्याला स्वतंत्र रकाना नाही. ‘सेव्ह लाइफ फाउंडेशन’ या संस्थेने २०२० साली दहा शहरांतील बाराशेहून अधिक मालमोटार चालकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात जवळजवळ निम्म्यांनी थकलेले वा झोपाळलेले असताना गाडी चालवल्याचे कबूल केले. ज्याला रकाना नाही त्याची मोजदाद नाही, आणि ज्याची मोजदाद नाही त्याची जबाबदारीही कोणावर नाही.

बाहेरच्या जगात हा प्रश्न कसा हाताळला गेला? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७९ साली १५३ क्रमांकाचा करार केला. सलग चार तास, दिवसाला नऊ तास, ही चालवण्याची मर्यादा त्यात आहे. प्रत्येक चालकाच्या तासांचे नोंदपुस्तकही आहे. युरोपात ही नोंद गाडीतील यंत्रच करते. अमेरिकेने २०१६ साली आणखी एक पाऊल टाकले. तासांची मर्यादा मोडण्यासाठी चालकावर दबाव आणणाऱ्याला, मग तो वाहतूकदार असो, माल पाठवणारा असो, माल घेणारा असो वा दलाल असो, दोषी धरणारा नियम तेथे झाला. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे मान्य झाले ते येथे अव्यवहार्य कसे ठरते?

परंतु फार दूर जाण्याचीही गरज नाही. मालमोटारीतून पोती उतरवणारा माथाडी कामगार पाहा. त्यालाही एक मालक नव्हता. आज या गोदामात, उद्या त्या गोदामात. अण्णासाहेब पाटील यांनी त्याला संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. कामगाराची नोंद, मालकाची नोंद, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी व इतर सोयी. संस्थेत किती कामगार, हा उंबरठाच त्याने निरर्थक केला. त्या कायद्याच्या अंमलात दोष शिरले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तत्त्व उभे राहिले. एकाच गाडीच्या फळीवर उभा असलेला माथाडी कायद्याच्या छायेत, आणि त्याच गाडीच्या केबिनमध्ये बसलेला चालक मात्र उघड्यावर, हे दृश्य महाराष्ट्राला शोभणारे नाही.

यातून मागण्या सरळ निघतात. एक, तासांच्या नियमाला कामगारसंख्येचा उंबरठा नसावा, आणि स्वतः गाडी चालवणारा मालकही त्यात यावा. कारण झोपेला मालक-नोकर हा भेद कळत नाही. दोन, चालक व माल पाठवणारे या दोघांची नोंद करणारे मंडळ माथाडी कायद्याच्या धर्तीवर व्हावे. तीन, गोदामाच्या दारातील ठरावीक वेळेपलीकडच्या खोळंब्याचे भाडे माल घेणाऱ्याने द्यावे. चार, जी अपेक्षित वेळ कायदेशीर तासांत गाठता येत नाही, ती लिहून देणारा प्रथम दोषी धरावा. पाच, जीपीएसची नोंद चालकालाही मिळावी.

यावर आक्षेप येईल की, भाजी महागेल. कदाचित किलोमागे थोडे पैसे वाढतीलही. पण आजची स्वस्ताई ही कोणाच्या तरी झोपेतून व कोणाच्या तरी प्राणातून वजा केलेली आहे. तो हिशेब दादरच्या बाजारात दिसत नाही, महामार्गावर दिसतो.

कार्यकर्त्यांपुढील अडचण मात्र खरी आहे. गिरणीला दरवाजा होता, भोंगा होता, पाळी सुटताना हजारो माणसे एकत्र भेटत. मालमोटारीला दरवाजा नाही. तिचे कामगार रस्त्याच्या लांबीवर विखुरलेले आहेत. तरीही ते कोठे तरी थांबतातच. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर, वेशीवरच्या ढाब्यावर, दादरच्या पुलाखाली पहाटे चहाच्या गाडीशी. तेथे जावे लागेल, आणि सभेच्या वेळेला नव्हे, त्यांच्या वेळेला जावे लागेल. पहिले काम साधे आहे. एका चालकाचे एका आठवड्याचे तास त्याच्याकडून विचारून वहीत लिहून घ्यावेत. निघाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, झोपल्याची वेळ, आणि कोणाचा फोन किती वाजता आला ती वेळ. साडेपाच हजार सह्यांच्या निवेदनाचीही सुरुवात कोणीतरी असेच विचारून लिहून घेण्याने झाली असली पाहिजे. अशा शंभर वह्या जमल्या, तर सरकारी अहवालात नसलेला रकाना भरायला सुरुवात झाली असे म्हणता येईल.