औताचा बैल

महाराष्ट्रातला औताचा बैल एका जातीचा नाही. जमीन, पाऊस आणि काम बदलले की बैलही बदलतो. माणदेश आणि सोलापूर-सांगलीच्या कोरडवाहू पट्ट्यातला खिल्लार काटक, लांब शिंगांचा आणि चालीला चपळ. लातूर-उदगीरच्या देवणीचे बैल औताला दमदार आणि गाय दुधालाही बरी. नांदेडचा लाल कंधारी आणि वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ आपापल्या मुलखात रुळलेले. इगतपुरी-अकोले भागातल्या मुसळधार पावसात मात्र काम डांगीचेच. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरत असल्याने पाणी अंगावर ठरत नाही आणि तो भातखाचरात दिवसभर टिकतो. खिल्लाराचा सगळा रुबाब त्या चिखलात निकामी ठरतो. कोकणात चिखलणीला रेडाही जुंपतात. त्याला ऊन सोसत नाही, पण चिखलाचे वावडे नाही.

गोऱ्हा खच्ची करून साधारण तिसऱ्या वर्षी कामाला लावतात. त्याला मुरलेल्या बैलाबरोबर जुंपायचे, आधी हलके लाकूड ओढायला द्यायचे, मग कुळव. नांगर सर्वांत शेवटी. बाजारात वय दातांवरून पाहतात : आदात, दोनदाती, चौसा, सहादाती आणि सगळे दात आलेला जुळलेला. जोडी उंचीला आणि चालीला सारखी नसेल तर जू एका मानेवर कलते आणि खांदा सुजतो. बैल सलग काम करताना आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी ओढ देऊ शकतो. म्हणजे चारशे किलोच्या बैलाकडून चाळीस किलोंच्या आसपास. त्याहून जास्त ओढ तो थोडा वेळच देतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोण्याने खांदे मळण्याची रीत वर्षभराच्या याच ओझ्यासाठी आहे.

सर्वांत जड काम नांगरटीचे. काळ्या, खोल जमिनीत लाकडी नांगराला तीन-चार जोड्याही लागत. एवढे बैल एका घरी नसत, म्हणून सावड किंवा इर्जिक करून गावाचे बैल एकत्र येत. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ साली निघाला, पण लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे सुरुवातीला तो खपेना. नांगरटीनंतर ढेकळे फोडायला पश्चिम महाराष्ट्रात कुळव, विदर्भात वखर. पेरायला पाभर किंवा तिफण. तण काढायला कोळपे किंवा डवरा. खळ्यावर तिवड्याभोवती पात धरून मळणी होई, आणि विहिरीवर मोट. विजेचे पंप आणि मळणीयंत्रे आल्यावर ही शेवटची दोन कामे बैलांकडून जवळपास पूर्ण गेली.

ट्रॅक्टरने नांगरट घेतली, पण कोळपणी अजून बऱ्याच ठिकाणी बैलाकडे आहे. कापूस, तूर, सोयाबीनच्या दोन ओळींतून पीक न मोडता चालायला हलकी, आवरता येणारी जोडी सोयीची पडते. लहान, वेड्यावाकड्या तुकड्यातही तसेच. तरीही जोड्या घटत आहेत, आणि त्याचे खरे कारण ट्रॅक्टरपेक्षा दावणीत आहे. औत वर्षातले थोडेच दिवस चालते, वैरण मात्र रोज लागते. बुटक्या संकरित ज्वारीमुळे कडबा कमी झाला, सोयाबीन-कपाशीच्या शेतातून वैरण फारशी मिळत नाही, गायराने आक्रसली आणि बैल सांभाळायला सालगडी मिळेना. त्यात २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे थकलेला बैल विकून नव्या जोडीला हातभार लागण्याची सोय उरली नाही. मग दोन-तीन एकरांचा धनी बैल न ठेवता भाड्याने औत सांगतो. ज्याच्याकडे जोडी आहे त्याची मात्र हंगामात मिनतवारी करावी लागते, कारण वाफसा सगळ्यांच्या रानात एकाच वेळी येतो.

साखर पट्ट्यात बैलांचे मोठे काम आता रस्त्यावर आहे. गळीत हंगामात टायरगाड्यांतून ऊस कारखान्याला जातो, आणि खेप वाढवण्याच्या नादात गाडी सर्रास जादा भरली जाते. ओझे ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत : दिवसात नऊ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीविना सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन गाडी जुंपायची नाही. हे नियम गाडीवानाइतकेच ऊस भरून घेणाऱ्या मुकादमानेही पाळायला हवेत.